कप्तानीणबाईंची पिवळी चादर

कप्तानीणबाईंना जगाकडून फारसे काही नको होते. एक दोरी, तिला बांधायला दोन आकडे आणि त्या दोरीवर वाळत घातलेली एक पिवळी चादर, एवढेच त्यांचे मागणे होते. एवढ्याशा मागण्यापायी सगळे बंदर पिवळे होईल अशी कल्पना आधी कुणी दिली असती, तरीही त्यांनी माघार घेतली नसती. मागे येणे ही गोष्ट त्यांच्या मते बोटींनी करायची, आणि तीही धक्क्याला लागताना.

कप्तानीणबाई हे नाव गल्लीने दिलेले. त्यांचे यजमान हयातभर फेरीबोटीचे कप्तान होते. बोट त्यांच्या हुकमात असे आणि ते बाईंच्या. यजमान गेले, फेरीबोट भंगारात गेली, पण हुकूम सोडायची सवय शाबूत राहिली, आणि ते झेलायला घरात एकटी सून उरली. मुलगा समुद्रावर होता. ज्या जहाजांवर माणसे पोहायला म्हणून समुद्राच्या पाण्यावर आणखी एक हौद भरून नेतात, तसल्या एका भल्यामोठ्या प्रवासी जहाजाच्या इंजिनखोलीत तो इंजिनियर होता. करार संपला की येतो, असे तो म्हणे, आणि संपायच्या आत करार वाढे. मागच्या उन्हाळ्यात तो येणार होता. त्याच्या आदल्या उन्हाळ्यातही तो येणारच होता.

मग एका संध्याकाळी त्याचा फोन आला. जहाजाचा मार्ग बदलला होता आणि पुढच्या महिन्यातल्या एका गुरुवारी ते चक्क ह्याच बंदराला लागणार होते. सुनेने हातातले भांडे ओट्यावर ठेवून डोळे पुसायला पदर शोधावा, तोच पुढचे वाक्य आले. त्याला उतरता येणार नव्हते. जहाज उभे राहिले की इंजिनाची दुरुस्ती निघते. प्रवासी गाव बघतात आणि इंजिनवाले इंजिन बघतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या डेकवर घटकाभर उभे राहता येईल, इतकेच.

"आई, तिथून आपलं घर दिसेल का गं?" त्याने विचारले.

"दिसेल," बाई म्हणाल्या. "चादर घालते."

पलीकडे तो हसला. मग म्हणाला, "घाल. विसरू नको."

ह्या चादरीचा कायदा जुना होता. मुलगा लहान असताना शाळा सुटली की थेट धक्क्यावर जाऊन बसे. भल्या घरच्या बाईने सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी हाक मारू नये, असे बाईंचे मत. म्हणून हाकेचे काम त्यांनी चादरीकडे दिले. गच्चीतल्या दोरीवर पिवळी चादर दिसली, की जेवण तयार आहे, ये सावकाश. चादर दोरीवरून गेली, की आईचा धीर सुटला आहे, आता सावकाश नको. आणि चादर गेलेली दिसली, की तो अंगातला सदरा काढून डोक्याभोवती गरगर फिरवी. त्याचा अर्थ 'आलोच'. त्या 'आलोच'नंतर प्रत्यक्ष येईपर्यंत जेवण पुन्हा एकदा गरम करावे लागे, ही गोष्ट वेगळी.

आता कुणी म्हणेल, हल्ली मोबाइलवर चेहरा दिसतो, मग चादरीचे एवढे काय? सुनेनेही एकदा हे सुचवून पाहिले होते. त्यावर बाईंनी सांगितले, की मोबाइलवर आपण त्याला दिसतो, घर दिसत नाही, आणि ज्याला घर दिसत नाही तो घरी येण्याची घाई कशाला करील? तो प्रश्न सून स्वतःही पुष्कळदा गिळून बसली होती.

अडचण अशी, की मुलगा समुद्रावर गेला तेव्हाचे बंदर आता राहिले नव्हते. पूर्वी उतारावरचे प्रत्येक घर वेगळ्या रंगाचे असे आणि मासे घेऊन परतणारा माणूस लांबूनच आपले घर ओळखे. पुढे मोठी जहाजे येऊ लागली, बंदर सुशोभन समिती स्थापन झाली, आणि समितीने सगळी घरे एकाच निळ्या रंगात रंगवून घेतली. त्यानंतर जहाजाच्या दिवशी दर्शनी बाजूला कपडे वाळत घालण्यास मनाई आली आणि रंगाऱ्यांनी गच्च्यांवरच्या दोऱ्या कापून नेल्या. बाईंनी तेव्हा समितीला जे सुनावले ते रंगाऱ्यांनी ऐकून घेतले, आणि समितीपर्यंत पोचवले नाही. समंजस माणसे होती.

तेव्हा पहिले काम दोरीचे. दोरीसाठी बाई खिळेवाल्यांकडे गेल्या. खिळेवाल्यांच्या आजोबांपासून त्या दुकानात खिळे, साखळ्या, डांबर आणि दोर मिळत. आता तिथे फ्रिजला चिकटवायचे मासे मिळत होते, बशीला चिकटवलेल्या शिंपल्या मिळत होत्या, आणि ज्या गावात त्या शिंपल्यांना कुणी वाकून हात लावत नसे, तिथे त्यांची किंमत चप्पल काढून वाचावी अशी होती.

"दोरी?" खिळेवाले म्हणाले, आणि त्यांनी इकडेतिकडे असे पाहिले, की जणू बाईंनी दारू मागितली. "कप्तानीणबाई, दोरी आता कुठली हो? जहाजवाले दोरी घेत नाहीत."

"बंदरात दोरी मिळत नाही?"

"मिळते. पण अशी." त्यांनी भिंतीवरची एक चौकट काढून दिली. तीत खऱ्या दोरीच्या गाठी मारून वर चकचकीत रोगण चढवले होते. बाईंनी ती चौकट विकत घेतली आणि खिळेवाल्यांच्याच गल्ल्यावर तिची काच काढून दोरी सोडवली. रोगणामुळे दोरी इतकी कडक झाली होती, की घरी नेताना ती काठीसारखी पुढे धरून चालावे लागले. सुनेने ती रात्रभर गरम पाण्यात भिजवली, आणि सकाळी ती वितळलेल्या मेणबत्तीसारखी, पण दोरीच म्हणता येईल अशी झाली.

दुसरे काम आकड्यांचे. ह्या टप्प्यावर शेजारचे टपालमास्तर मदतीला आले. टपालमास्तर निवृत्त झाले होते, त्यांच्या टपाल कचेरीत आता कॉफीचे दुकान होते, आणि त्यामुळे सल्ल्याला त्यांच्याकडे मुबलक वेळ होता. जुने भोक सोडून नवीन भोक पाडा, असे त्यांनी सांगितले. भोक पाडताना हातोडी त्यांनीच धरली. पहिल्या ठोक्याला आकडा आत गेला. दुसऱ्या ठोक्याला निळ्या रंगाचा भलामोठा पापुद्रा सुटला आणि त्याच्यामागून घराचा जुना गुलाबी रंग बाहेर आला. कप्तानांनी स्वतः शिडीवर चढून दिलेला तो रंग होता. टपालमास्तर माफी मागू लागले. बाईंचे लक्ष त्यांच्याकडे नव्हते. त्या बराच वेळ त्या गुलाबी तुकड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि मग भानावर येऊन म्हणाल्या, की भिंतीकडे बघत काय बसलात, दुसरा आकडा ठोका.

पण भिंतीचा रंग सोलणे हा समितीच्या नियमांनी मोठा अपराध होता, आणि तो गल्लीच्या तोंडून समितीपर्यंत जाणार होता. त्यापेक्षा आपणच जाऊन परवानगी आणावी, असे टपालमास्तरांचे मत पडले. चादरीला कपडा म्हणू नका, त्यांनी बजावले, निशाण म्हणा. निशाणाला मनाई नाही.

"अहो आई, त्यापेक्षा खरं कारण सांगा ना एकदाचं," सून म्हणाली. "हे येताहेत म्हटल्यावर कोण नाही म्हणेल?"

"कारण द्यायला मी काय रजेचा अर्ज करते आहे? माझी गच्ची, माझी चादर. माझा मुलगा माझ्या घराकडे बघणार, त्यासाठी मी गावापुढे हात पसरू?"

सुनेने मान खाली घातली. बाईंनी कुणाला काही सांगितले नाही, आणि पुढचे सगळे त्यातून झाले.

समितीचे अध्यक्ष गावचे दंतवैद्य होते. ते समितीची कामे दवाखान्यातच बघत, आणि दवाखान्यात बसायला दुसरी खुर्ची नव्हती. बाई त्या खुर्चीत बसल्या. दंतवैद्यांनी सवयीने कळ दाबली, खुर्ची मागे झुकली, आणि आयुष्यात प्रथमच कप्तानीणबाईंना कुणाशीतरी आडवे पडून वाद घालावा लागला. त्यांनी तोंड उघडले, ते निशाण ह्या शब्दासाठी. दंतवैद्यांनी त्यात आरसा घातला. मग पर्यटकाची नजर म्हणजे काय, तिला कपड्यांचा त्रास कसा होतो, गावाची प्रतिमा गावाहून महत्त्वाची का असते, हे त्यांनी सविस्तर समजावले. उत्तरे बाईंकडे पुष्कळ होती, पण त्यांच्या तोंडात दंतवैद्यांचे दोन हात होते. बाई अर्ज घेऊन गेल्या आणि दाढ देऊन आल्या.

घरी येताना गालाशी रुमाल धरून त्या गल्लीतून ताठ मानेने चालल्या. ज्यांनी ज्यांनी विचारले, त्यांना त्यांनी मानेनेच सांगितले, की काही नाही. त्यांचा अपमान झाला आहे हे गल्लीला कळायला मात्र शब्द लागले नाहीत.

पुढच्या जहाजाच्या दिवशी, परवानगीशिवाय, त्यांनी चादर घातली. मुलाच्या जहाजाला अजून अवकाश होता. पण ज्या दोरीवर गुरुवारी विसंबायचे, ती आधी वजन घेते का हे बघणे आवश्यक होते, असे त्यांनी सुनेला सांगितले. सुनेने ते खरे मानल्यासारखे केले.

जहाजाच्या दिवशी गावाचे काय होते हे बाहेरच्याला सांगून पटत नाही. सकाळी सून ज्या बेकरीत काम करी, तिथला पाव न्याहारीच्या आत संपे. एवढ्या लोकांचे फोन एकदम सुरू झाले, की गावातले सगळे फोन मुके होत. गल्लीतून चालायचे म्हणजे दुसऱ्याच्या फोटोतून चालावे लागे. आणि दिवेलागणीला जहाज सुटले, की गल्ली अशी रिकामी होई, की स्वतःच्या चपलांचा आवाज ऐकून माणूस दचके.

त्या दिवशी निळ्या उतारावर एकच पिवळी चादर वाऱ्यावर फडकली, आणि तिच्याखाली गर्दी जमू लागली. छत्री उंच धरून माणसे हाकणारा एक मार्गदर्शक गच्चीकडे बोट दाखवून बोलत होता, आणि ऐकणाऱ्या बाया डोळ्यांना रुमाल लावत होत्या. बेकरीमुळे पाहुण्यांची भाषा सुनेला कामापुरती येत असे. ती कान देऊन ऐकत राहिली आणि तिचा चेहरा पडला.

"काय सांगतो आहे तो छत्रीवाला?"

"काही नाही, आई."

"अगं, सांग."

"सांगतोय की ह्या घरातले कप्तान वादळात बुडाले. आणि त्यांची बायको अजून वेडी आशा धरून रोज चादर घालते."

कप्तानीणबाई जिना उतरून खाली गेल्या. गर्दीने वाट दिली. मार्गदर्शकाला त्यांनी छत्री मिटायला सांगितली, आणि त्याने मिटली.

"माझे यजमान कुठल्याही वादळात बुडाले नाहीत," त्या म्हणाल्या. "त्यांनी एकही बोट कधी बुडवली नाही. ते ह्या घरात, स्वतःच्या पलंगावर, पोटभर जेवून, मला ताटं उचलायला सांगून गेले. हे ह्यांना ह्यांच्या भाषेत सांग."

मार्गदर्शकाने सांगितले. काय सांगितले ते देव जाणे, कारण गर्दीने टाळ्या वाजवल्या आणि एका परक्या बाईने पुढे होऊन कप्तानीणबाईंना घट्ट मिठी मारली. भर गल्लीत मिठी मारण्याची हिंमत यजमानांनीही कधी केली नव्हती. बाई खांबासारख्या उभ्या राहिल्या. सुनेने मात्र वरून पाहिले, की त्यांचा एक हात नकळत उचलला गेला होता, आणि त्या परक्या बाईच्या पाठीवर पोचायच्या आत त्यांनी तो खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी दंतवैद्य स्वतः घरी आले. ते आले ते आरशाशिवाय, हात जोडून. चादरीचे फोटो जगभर गेले होते. पाहुण्यांना आमचे गाव फार नीटनेटके वाटत होते, ते म्हणाले. त्यात माणसे राहतात असे वाटत नव्हते. चादरीने ती उणीव भरून काढली. तेव्हा समितीने एकमताने ठरवले होते, की येत्या गुरुवारपासून, जहाजाच्या दिवशी, उतारावरच्या प्रत्येक घराने गच्चीत पिवळी चादर घालावी. चादरी आणि दोऱ्या समिती देणार होती. ह्या कल्पनेचा मान अर्थातच बाईंचा होता.

बाईंना लढाई जिंकण्याची सवय होती. पण अशी नव्हे. येत्या गुरुवारी नको, पुढच्यापासून करा, असे त्यांनी सांगून पाहिले. का, असे दंतवैद्यांनी विचारले. सुनेने सासूकडे पाहिले. कारण जिभेवर आलेले दिसत होते. पण गेलेल्या दाढेच्या जागी जीभ लागली, आणि बाईंनी ओठ मिटले.

गुरुवारी जहाज आले, आणि सकाळच्या उन्हात सगळा उतार पिवळा झाला. निळ्या घरावर पिवळी चादर, शेजारी निळ्या घरावर पिवळी चादर, वरपासून खालपर्यंत तेच. खिळेवाल्यांनी तर उत्साहाने दोन घातल्या होत्या. सून रजा घेऊन, नवऱ्याला आवडणाऱ्या हिरव्या रंगाचे कपडे घालून गच्चीत उभी होती आणि सारखा फोन लावत होती. फोन मुका होता. खाली धक्क्यावर जहाज असे उभे होते, की समुद्र दिसायचा बंद झाला होता.

"हे कसं ओळखणार आपलं घर?" ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासूसमोर रडली. "दोन वर्षांनी एवढंसं बघायला मिळणार, आणि तेही ह्यांना कुठे बघायचं ते कळणार नाही."

तिचे रडणे टपालमास्तरांच्या गच्चीत ऐकू गेले, आणि जे बाईंनी महिनाभर दाबून ठेवले होते ते पुढे खिळेवाल्यांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. गच्चीगच्चीतून सल्ले येऊ लागले. चादरीवर मुलाचे नाव रंगवा. आरसा चमकवा. टपालमास्तरांनी धूर करायची सूचना केली आणि रद्दी आणायला ते आत गेलेही. खिळेवाले खालून ओरडले, "कप्तानीणबाई, सांगायचं नाही का हो आधी? आम्ही सगळे काढतो आमच्या चादरी. दंतवैद्य गेला उडत."

बाईंनी कठड्याशी येऊन हात वर केला.

"कुणी चादरीला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "एकही निघता कामा नये."

मग त्या वळल्या आणि स्वतःच्या दोरीवरची चादर त्यांनी ओढून काढली.

"अहो आई, काढता काय?"

"त्याला घातलेली चादर एक वेळ कळणार नाही. काढलेली कळल्याशिवाय राहायची नाही," बाई म्हणाल्या. चादरीची घडी त्यांनी दोनदा घातली. "लहानपणापासून तो तीच बघून घाबरतो."

दुपारी जहाजाच्या मागच्या डेकवर, प्रवाशांच्या गॅलऱ्यांच्या पार खाली, मुंग्यांएवढी माणसे येऊन उभी राहिली. नारिंगी कामाच्या कपड्यांतली. ती सगळी सारखी दिसत होती, जशी इकडून घरे दिसत होती. सून कठडा घट्ट धरून उभी होती. गल्लीतल्या प्रत्येक गच्चीत कुणी ना कुणी उभे होते. उतारभर चादरी फडफडत होत्या, आणि मध्ये एका गच्चीत नुसती रोगणाची दोरी होती, आणि तिच्यामागे भिंतीवर एक गुलाबी तुकडा.

एक मुंगी बाजूला झाली. तिने वरचे काहीतरी अंगातून काढले, आणि एक नारिंगी ठिपका गोल गोल फिरू लागला.

सुनेला हात हलवायचे भान राहिले नाही. ते काम टपालमास्तरांनी रद्दीच्या गठ्ठ्यासकट केले. खाली खिळेवाले नाक शिंकरत होते. ठिपका फिरत राहिला, थांबला, पुन्हा फिरला. मग पांढऱ्या पोशाखातला कुणीतरी डेकवर आला, आणि ठिपका दिसेनासा झाला. त्या जहाजावरही कपडे फडकवायला मनाई असणार.

दंतवैद्य धापा टाकत गल्लीत आले तेव्हा सगळे संपले होते. एकाच घराची चादर नाही, फोटोत भोक पडल्यासारखे दिसते आहे, अशी त्यांची तक्रार होती. बाईंनी ती पूर्ण ऐकून घेतली. ते भोक नाही, ते माझे घर आहे, असे त्यांनी सांगितले, आणि कधी नव्हे ते दंतवैद्यच तोंड उघडे टाकून उभे राहिले.

दिवेलागणीला जहाजाने भोंगा दिला आणि ते तोंड फिरवून निघाले. गच्च्यांवरून चादरी उतरल्या. ज्या बाजूला जहाज लहान होत होते, तिकडे बघत सून एकटीच उभी राहिली.

"आलोच म्हणाले ना हो, आई?" तिने न वळता विचारले.

"म्हणाला."

कप्तानीणबाईंनी घडी केलेली चादर तिच्या हातात दिली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. ह्या खेपेला तो मागे घेतला नाही.

"त्याचं 'आलोच' मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "चल. जेवण झाकून ठेव. पुन्हा गरम करावं लागणार."